पाहुण्या प्रणालीतील कळफलक : मांडणी-विसंगतीची चिकित्सा

प्रस्तावना

एका कार्यप्रणालीच्या आत दुसरी कार्यप्रणाली चालविण्याचे तंत्र नवे नाही. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर ते व्हीएम/३७० या नावाने १९७२ मध्येच आले होते. वैयक्तिक संगणकावर मात्र ते १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे आणि पुढे २००३ पासून क्यूएमू व २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स या मुक्त आज्ञावलींमुळे रुळले. महाविद्यालयीन अध्यापकाचा या तंत्राशी संबंध बहुधा गरजेतून येतो. जुना प्रबंध, जुन्या प्रश्नपत्रिका, विभागाचे अहवाल विंडोज एक्सपीवरील एखाद्या आज्ञावलीत अडकलेले असतात. २००१ साली आलेल्या या प्रणालीचा आधार उत्पादकाने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविला. त्यामुळे ती नव्या संगणकाच्या पोटात आभासी यंत्र म्हणून चालवावी लागते. बाहेरच्या प्रणालीला यजमान आणि आतल्या प्रणालीला पाहुणी प्रणाली असे म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखातही हेच शब्द वापरले आहेत.

यजमान आणि पाहुणी यांच्यात कळफलकाच्या मांडणीविषयी एकवाक्यता नसेल, तर दाबलेली कळ एक आणि उमटलेले अक्षर दुसरे अशी अवस्था होते. या दोषाकडे सामान्यतः किरकोळ गैरसोय म्हणून पाहिले जाते आणि ‘दोन्हीकडे एकच मांडणी ठेवा’ एवढ्या एका वाक्यात त्यावर उपाय सांगितला जातो. हा सल्ला अपुरा का आहे, विसंगती नेमकी कोठे उद्भवते आणि मराठी मजकुराच्या बाबतीत ती पाठशुद्धतेचा प्रश्न कशी बनते, याची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे.

कळ, संकेत आणि अक्षर

कळफलकाला अक्षर ठाऊक नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कळ दाबली की कळफलक केवळ त्या कळीच्या जागेचा क्रमांक पाठवितो. या क्रमांकाला स्कॅन कोड म्हणजेच कळसंकेत म्हणतात. कळीवर इंग्रजी ‘ए’ छापलेला असला तरी पारंपरिक संकेतमालेत बाहेर पडतो तो ३० हा आकडा. या आकड्याचे अक्षर करण्याचे काम कार्यप्रणालीतील मांडणीचा तक्ता करतो. अमेरिकी तक्ता ३० ला ‘ए’ म्हणेल, फ्रेंच तक्ता त्याच जागेला ‘क्यू’ म्हणेल. जर्मन तक्त्यात ‘वाय’ आणि ‘झेड’ यांची अदलाबदल होईल. इन्स्क्रिप्टच्या तक्त्यात तीच ३० क्रमांकाची कळ ओकाराची मात्रा देईल.

म्हणजे कळ ही जागा आहे, संकेत हा निरोप आहे आणि अक्षर हा निर्णय आहे. एकच प्रणाली असते तेव्हा हा निर्णय एकाच ठिकाणी होतो. आभासी यंत्रात निर्णय घेऊ शकणारी ठिकाणे दोन होतात, आणि दूरच्या संगणकावरील आभासी यंत्र पडद्यावर आणल्यास ती तीनही होऊ शकतात. विसंगतीचे मूळ येथे आहे. निर्णय दोनदा झाला तर अक्षर बदलते. एकदाही झाला नाही तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरे उमटतात किंवा काहीच उमटत नाही.

विसंगतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार तक्त्यांच्या भिन्नतेचा. यजमान कळसंकेत जसाच्या तसा आत पोहोचवितो. परंतु पाहुण्या प्रणालीत तक्ता दुसराच बसविलेला असतो. अमेरिकी व ब्रिटिश मांडणीतील भेद हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. या दोहोंत दुहेरी अवतरणचिन्ह आणि ‘ॲट’चे चिन्ह यांच्या जागा परस्परांत बदललेल्या असतात. परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर केवळ ठिपके दिसतात, त्यामुळे चूक लक्षात येत नाही आणि दोष वापरणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर ढकलला जातो. पूर्ण डिस्क कूटबद्ध केलेल्या लिनक्समध्ये सुरुवातीला विचारला जाणारा परवलीचा शब्द हा डेस्कटॉपच्या मांडणीने नव्हे, तर सुरुवातीच्या टप्प्यातील कन्सोलच्या मांडणीने वाचला जातो. त्यामुळे ‘आत मांडणी बरोबर आहे’ असे म्हणणाराही दारातच अडू शकतो.

दुसरा प्रकार निरोपाच्या विकृतीचा. येथे दोन्ही तक्ते बरोबर असतात, पण संकेत वाहून नेणारी मधली यंत्रणा त्याचा अर्थ चुकविते. २००८ च्या सुमारास लिनक्सच्या अनेक वितरणांनी कळफलकासाठी ‘इव्हडेव्ह’ हा नवा चालक स्वीकारला, तेव्हा हे ठळकपणे दिसले. जुन्या चालकात वर जाणाऱ्या बाणाचा क्रमांक ९८ होता, नव्यात तो १११ झाला; आणि १११ हा जुन्या व्यवस्थेत प्रिंट-स्क्रीनचा क्रमांक होता. खाली जाणाऱ्या बाणाचा नवा क्रमांक ११६. तो पूर्वी उजव्या विंडोज कळीचा होता. परिणामी जुने क्रमांक गृहीत धरणाऱ्या आभासी यंत्रांत खाली जाणारा बाण दाबताच पाहुण्या विंडोजचा स्टार्ट मेनू उघडू लागला. अक्षरांच्या कळी मात्र शाबूत होत्या. अशा वेळी भाषेच्या मांडण्या कितीही बदलल्या तरी उपयोग नव्हता, कारण दोष तक्त्यात नसून वाटेत होता.

तिसरा प्रकार घाईच्या अनुवादाचा. दूरचा पडदा दाखविणाऱ्या व्हीएनसी पद्धतीत मुळात कळीची जागा पाठविली जात नाही. यजमानाने ठरविलेले अक्षर पाठविले जाते. पलीकडे क्यूएमूसारख्या आज्ञावलीला त्या अक्षरावरून ‘ही कोणती कळ असावी’ असा उलटा शोध घ्यावा लागतो आणि मग ती कळ पाहुण्या प्रणालीत दाबल्याचा आभास निर्माण करावा लागतो. यासाठी क्यूएमूला कोणत्या भाषेचा तक्ता वापरायचा हे सुरू करतानाच सांगण्याची सोय आहे. तक्ता चुकला की शोध चुकतो; अक्षर तक्त्यातच नसेल तर कळ मुकी होते.

मराठीचा विशेष प्रश्न

युरोपीय भाषांत या विसंगतीमुळे चार-दोन चिन्हे इकडची तिकडे होतात. मराठीत तिची व्याप्ती अधिक आहे, कारण मराठी टंकलेखनात ‘मराठी मांडणी’ या एका नावाखाली परस्परांशी न जुळणाऱ्या अनेक पद्धती नांदत आहेत. इन्स्क्रिप्ट ही भारतीय मानक आयएस १३१९४ : १९९१ मध्ये अंतर्भूत झालेली प्रमाण मांडणी आहे, तिची विस्तारित आवृत्ती आयएस १६३५० : २०१६ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्या शेजारी टंकलेखन यंत्राच्या वळणाच्या मांडण्या आहेत आणि इंग्रजी उच्चारावर आधारलेल्या ध्वन्यनुसारी मांडण्याही आहेत. लिनक्समध्ये मराठीसाठी ‘कगप’ नावाची अशी एक ध्वन्यनुसारी मांडणी उपलब्ध आहे.

यजमान लिनक्सवर कगप आणि पाहुण्या विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट अशी स्थिती असेल आणि कळसंकेत थेट आत जात असतील, तर कगपला सरावलेल्या हाताने ‘मन’ टंकल्यास ‘सल’ उमटेल. इंग्रजी ‘एम’ची कळ कगपमध्ये ‘म’ देते, इन्स्क्रिप्टमध्ये ‘स’. ‘एन’ची कळ तिकडे ‘न’, इकडे ‘ल’. याच न्यायाने ‘मज’चे ‘सर’ होते. दोन्ही प्रणालींच्या सूचीत ‘मराठी’ हेच नाव दिसत असल्याने मांडण्या जुळल्याचा समज होतो. शिवाय उमटलेला शब्द अर्थपूर्ण असल्यास शुद्धलेखन-तपासनीसही तो अडवीत नाही. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखनिकाच्या निरर्थक चुकीपेक्षा अर्थपूर्ण चूक अधिक घातक मानली जाते, कारण ती वाचकाच्या नजरेतून निसटते. आभासी यंत्र हा अशाच एका लेखनिकाचा नवा अवतार आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. इन्स्क्रिप्टच्या प्रमाण मांडणीत शिफ्टसह ५ ची कळ ‘ज्ञ’ देते आणि शिफ्टसह ७ ची कळ ‘क्ष’ देते. युनिकोडच्या दृष्टीने ‘क्ष’ हे एक चिन्ह नसून क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हांची साखळी आहे. विंडोजचा तक्ता एका कळीतून अशी साखळी बाहेर काढू शकतो. एक्स विंडो प्रणालीच्या परंपरागत रचनेत मात्र एका कळीला एका वेळी एकच चिन्ह नेमता येते. त्यामुळे विंडोजवर सरावलेला हात पाहुण्या लिनक्समध्ये ‘परीक्षा’, ‘शिक्षण’, ‘ज्ञान’ हे शब्द टंकताना अडतो, मांडणीचे नाव दोन्हीकडे इन्स्क्रिप्ट असले तरीही. अध्यापकाच्या लेखनातून हेच शब्द वगळायचे, तर उरते काय? अशा ठिकाणी क, हलन्त, ष ही तीन चिन्हे स्वतंत्रपणे टंकणे हाच दोन्ही प्रणालींत चालणारा मार्ग होय.

तिसरी अडचण अर्धा ‘र’ लिहिण्याच्या मराठी पद्धतीची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू आणि स्वयंपाकी यांचे अंतर आहे. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ची कळ ‘ऱ’ देते आणि त्यापुढे हलन्त घेऊन हे रूप साधते. ज्या मांडणीत ‘ऱ’ नाही, तेथे साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह यांच्या आधारे तेच रूप घडविले जाते. छापील पानावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. प्रबंधाचा अर्धा भाग यजमानात आणि अर्धा पाहुण्यात टंकला गेला, तर शोध घेताना अर्धेच शब्द सापडतात आणि शब्दसूचीत एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच कथा आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये ५.१ या आवृत्तीत मिळाले आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ते मराठी वर्णमालेत आले. साहजिकच २००१ च्या प्रणालीत तिच्या मूळ फाँटांसह हे अक्षर गेले तर त्याच्या जागी चौकोन दिसतो.

जुन्या फाँटांचा पेच

विंडोज एक्सपी ज्यांच्यासाठी जिवंत ठेवली जाते, त्या फाइली बहुधा युनिकोडपूर्व फाँटांत असतात. या फाँटांत देवनागरी ही केवळ दिसण्यापुरती असते. फाइलीत प्रत्यक्ष साठविलेली असतात ती इंग्रजी अक्षरे व चिन्हे. कृतिदेव या प्रसिद्ध फाँटात ‘भाषा’ हा शब्द एच, के, के, दुहेरी अवतरणचिन्ह, के, के असा साठविला जातो. ‘विषय’ या शब्दातील ‘ष’साठीही तेच अवतरणचिन्ह लागते आणि हलन्तासाठी नागमोडी रेघेचे चिन्ह लागते.

यातून एक विलक्षण परिणाम संभवतो. पाहुण्या एक्सपीत अमेरिकीऐवजी ब्रिटिश इंग्रजी मांडणी असेल, तर इंग्रजी मजकुरात फक्त अवतरणचिन्ह चुकल्याचे दिसेल. कृतिदेवमध्ये मात्र सवयीची कळ दाबूनही ‘भाषा’ आणि ‘विषय’ यांतील ‘ष’ उमटणार नाही आणि नेहमीच्या जागी हलन्त सापडणार नाही. दोष मराठी फाँटात आहे असे समजून फाँट पुन्हा बसविले जातात. वास्तविक दोष इंग्रजी मांडणीत असतो. उलट, मराठीसाठी मराठीच मांडणी हवी अशा समजुतीने पाहुण्या प्रणालीत इन्स्क्रिप्ट चालू केल्यास अडचण वाढते, कारण या फाँटांना युनिकोड देवनागरी नव्हे, तर शुद्ध इंग्रजी संकेत हवे असतात. मराठी लिहिण्यासाठी इंग्रजी मांडणी आवश्यक असणे ही विसंगती त्या काळाच्या तडजोडीतून आलेली आहे. ती समजल्याशिवाय जुन्या फाइली सुरक्षितपणे हाताळता येणार नाहीत.

प्रचलित उपायांची समीक्षा

‘दोन्हीकडे एकच मांडणी’ हा सल्ला पहिल्या प्रकारच्या विसंगतीत उपयुक्त आहे. कळसंकेत थेट आत जात असतील, तर अक्षर ठरविण्यात यजमानाच्या तक्त्याचा वाटाच नसतो. तेथे खरे महत्त्व असते ते पाहुण्या प्रणालीची मांडणी आणि टंकणाऱ्याच्या हाताची सवय यांच्या जुळणीला. दुसऱ्या प्रकारात हा सल्ला गैरलागू आहे, तर तिसऱ्यात दिशाभूल करणारा आहे. व्हीएनसीमार्गे यजमानाने ‘क’ हे अक्षर पाठविले आणि मधल्या आज्ञावलीकडे इंग्रजी तक्ता असला, तर दोन्ही टोकांना इन्स्क्रिप्ट असूनही ‘क’ वाटेतच हरवतो. येथे यजमानाची मांडणी इंग्रजी ठेवणे आणि मराठीचा निर्णय पाहुण्या प्रणालीवर सोपविणे, म्हणजे दोन्हीकडे मुद्दाम वेगळी मांडणी ठेवणे, हाच उपाय ठरतो.

दुसरा मार्ग यजमानाची मांडणी पाहुण्याला आपोआप कळविण्याचा. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप पद्धतीत जोडणीच्या वेळी वापरणाऱ्याचे यंत्र आपल्या मांडणीचा क्रमांक कळविते आणि पलीकडचे सत्र तिचा स्वीकार करते. हायपर-व्हीच्या वर्धित सत्रातही हीच पद्धत आहे. सोय मोठी आहे. पण जुन्या फाँटांत काम करणाऱ्याच्या सत्रात मराठी मांडणी न मागता येऊन बसणे ही सोय नव्हे. हा स्वीकार बंद करण्याची व्यवस्था विंडोजच्या नोंदवहीत आहे, परंतु सामान्य वापरणाऱ्याला ती सापडणे कठीण. जी सोय आपोआप चालू होते, ती बंद करण्याची जागाही तितकीच समोर असावयास हवी.

तिसरा मार्ग यजमानात मराठी टंकून मजकूर पाहुण्या प्रणालीत चिकटविण्याचा. ध्वन्यनुसारी लेखनासाठी वापरली जाणारी अनेक साधने यजमानात कळसंकेताच्या वरच्या पातळीवर काम करतात. आभासी यंत्र मात्र कळसंकेत त्या पातळीच्या खालूनच उचलते, म्हणून पाहुण्या प्रणालीच्या चौकटीत शिरताच मराठी थांबून इंग्रजी उमटू लागते. अशा वेळी नकलफळ्यावरून मजकूर नेणे हा व्यवहार्य तोडगा आहे. तो मोजक्या ओळींसाठी ठीक आहे. पाहुण्या प्रणालीत नवे लेखन करण्याची रीत म्हणून तो स्वीकारणे श्रेयस्कर नाही.

व्हीएनसीच्या रचनाकारांवर येथे सरसकट दोषारोप करणे न्याय्य होणार नाही. निरनिराळ्या देशांतील कळफलकांवरून एकाच दूरच्या संगणकावर काम करता यावे आणि कळीवर जे छापले आहे तेच उमटावे, हा त्यांचा हेतू योग्यच होता. मात्र त्यामागे एक कळ म्हणजे एक अक्षर हे गृहीतक होते. लॅटिन लिपीत ते बव्हंशी खपून जाते. जिथे एका दृश्य अक्षरामागे तीन संकेत असतात आणि एकच दृश्य रूप दोन संकेतमालांनी साधते, अशा लिपीत ते कोसळते. क्यूएमूने पुढे व्हीएनसीला जोड देऊन अक्षरासोबत कळसंकेतही पाठविण्याची सोय केली. मूळ गृहीतकाची मर्यादा यातून अप्रत्यक्षपणे मान्य झाली आहे.

निदानाची पद्धत

विसंगती कोणत्या प्रकारची आहे हे ओळखल्याशिवाय उपाय योजू नये. पाहुण्या प्रणालीत इंग्रजी मांडणी ठेवून ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह टंकावे. ती परस्परांच्या जागी आली तर प्रश्न अमेरिकी-ब्रिटिश तक्त्यांचा आहे. ‘वाय-झेड’ उलटले तर जर्मन आणि ‘ए-क्यू’ उलटले तर फ्रेंच तक्त्याचा. अक्षरे बरोबर असून बाण वा विंडोज कळ भलतेच काम करीत असेल, तर दोष वहनाचा आहे. मराठीच्या जागी इंग्रजी उमटत असेल, तर यजमानातील लेखनसाधन ओलांडले जात आहे. काहीच उमटत नसेल, तर वाटेतील तक्त्यात ते अक्षर नाही. यानंतर मराठी मांडणीत परीक्षा, ज्ञान, दर्या, दऱ्या, ॲप, विषय एवढे सहा शब्द टंकून पाहावेत. ही चाचणी पार न पडलेल्या पाहुण्या प्रणालीत प्रबंधाचे वा प्रश्नपत्रिकेचे काम आरंभू नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. कळफलक-विसंगती हा एक दोष नसून तक्ता, वहन आणि अनुवाद या तीन पातळ्यांवरील भिन्न दोषांचे समान नाव आहे.

२. कळीचे अक्षर करण्याचा निर्णय एकदाच व्हावा आणि तो जेथे मजकूर साठविला जाणार आहे त्या पाहुण्या प्रणालीतच व्हावा. मधल्या सर्व यंत्रणांनी केवळ कळसंकेत वाहावा.

३. याला अपवाद दोन : पाहुण्या प्रणालीत आवश्यक मांडणीच उपलब्ध नसेल तर नकलफळ्याचा मर्यादित आधार घ्यावा, युनिकोडपूर्व फाँटांतील फाइलींसाठी फाँटाला अपेक्षित असलेली इंग्रजी मांडणीच ठेवावी.

४. मांडणीचे ‘मराठी’ हे नाव पुरेसे नाही. इन्स्क्रिप्ट, टंकलेखन यंत्राची की ध्वन्यनुसारी, हे विभागाच्या नोंदीत स्पष्ट लिहिलेले असावे.

समारोप

यंत्राने केलेली चूक शेवटी लेखकाच्याच नावावर जमा होते. प्रबंधात ‘दऱ्या’च्या जागी ‘दर्या’ आढळल्यास परीक्षक आभासी यंत्राची चौकशी करीत नाही. तो संशोधकाच्या भाषेविषयी मत बनवितो. प्रश्नपत्रिकेत ‘मन’च्या जागी ‘सल’ छापला गेल्यास विद्यार्थी चुकीच्याच शब्दाचे उत्तर लिहितो. म्हणून कळफलकाची मांडणी ही संगणककक्षातील तंत्रज्ञावर सोपवून देण्याची बाब नाही. पूर्वी मुद्रिते तपासणे हे लेखकाचे कर्तव्य मानले जाई. आता मुद्रितापूर्वीची ही एक पायरीही त्याच कर्तव्यात मोडते.